चौतिसावी सही

गुरुवारी सकाळी पाच वाजून बावन्न मिनिटांनी रघुनाथ जनार्दन तांडेल करंजवाडी मासळी मंडईच्या दारात कामावर हजर होते. काम म्हणजे उभं राहणं. काखेत निळी फाइल, हातात मोबाइल, इस्त्रीचा पांढरा सदरा, पायांत चामडी सँडल. मंडईची फरशी चोवीस तास ओली असते. तिथे चामडी सँडल घालून येणारा माणूस आत बसणाऱ्यांपैकी नसतो, हे तिथल्या मांजरांनाही कळतं. परळमध्ये त्यांना रघूभाऊ म्हणतात. वय अठ्ठावन्न. व्यवसाय विचारला तर ते ‘समाजकार्य’ सांगतात. परळ-लालबागचे लोक त्याला मांडवली म्हणतात. दोन पक्ष भांडत असले की मध्ये जायचं, दोघांना थोडं थोडं मागे सरकवायचं आणि मध्ये जी जागा मोकळी होते तिथे आपण बसायचं.

त्यांच्या शेजारी शंतनु उभा होता. मंडई पाडून त्या जागी सव्वीस मजली इमारत बांधू पाहणाऱ्या कंपनीचा हा लायझन ऑफिसर, वय एकतीस. शंतनु मासे खात नाही. तरीही गेल्या दहा सकाळींत त्याने या मंडईतून मांदेली, बोंबील, करली, कोळंबी आणि एकदा अख्खी वाम विकत घेतली होती. ती सगळी मासळी कंपनीच्या गाडीचा ड्रायव्हर दगडू घरी नेत असे. सहाव्या दिवशी दगडूच्या बायकोने निरोप पाठवला होता की साहेबांना सांगा, फ्रिजमध्ये जागा नाही.

या खरेदीमागची अक्कल रघूभाऊंची. मंडईत अठ्ठेचाळीस ओटे आहेत आणि प्रत्येक ओट्यावर एक कोळीण बसते. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे भवानी. त्याला विन्मुख पाठवायचं नाही, असा इथला नेम आहे. भाव थोडा पडला तरी चालतो, पण दिवसाचा पहिला शब्द ‘नाही’ नको. आलेली नोट कपाळाला लावायची, ओट्याला लावायची, मग कमरेच्या पिशवीत टाकायची. रघूभाऊ कोळणीच्या पोटी जन्मले, त्यामुळे त्यांना हे ठाऊक होतं. शंतनुला ठाऊक नव्हतं. रघूभाऊंनी त्याला शिकवलं. पहाटे पहिलं गिऱ्हाईक होऊन जायचं, मासळी घ्यायची, नोट द्यायची आणि ती कपाळाला लागत असतानाच फाइल उघडून म्हणायचं, मावशी, एक छोटी सही.

दिवसही त्यांनीच निवडले. बुधवार, शुक्रवार, रविवार वगळले, कारण त्या दिवशी गिऱ्हाईक भरपूर आणि कोळणींना मान वर करायला वेळ नसतो. सोमवार, गुरुवार, शनिवार घेतले. ज्या दिवशी गिऱ्हाईक कमी, त्या दिवशी भवानीला महत्त्व जास्त. दहा सकाळींत तेहतीस सह्या झाल्या. कंपनीला अठ्ठेचाळीसपैकी चौतीस हव्या होत्या. रघूभाऊंनी पस्तिसाव्या सहीचा विचारही केला नव्हता. लागेल तेवढंच जमवायचं, ही त्यांची पद्धत. जास्तीचा माणूस म्हणजे जास्तीचा शब्द द्यावा लागतो.

चौतिसावी सही त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवली होती. ओटा क्रमांक एक, दाराला लागून, रस्त्यावरून दिसणारा. त्यावर गुणवंती बसते. वय बासष्ट. ती रघूभाऊंची सख्खी थोरली बहीण.

भाऊच्या धक्क्याहून येणारा टेम्पो पाच सत्तावन्नला दाराशी लागला. गुणवंती पुढच्या सीटवरून उतरली, पाट्या उतरवून घेतल्या, ओट्यावर बर्फ पसरला आणि मग भावाकडे पाहिलं.

“काय रं, आज माझा नंबर लागला?”

“ताई, भवानीला गिऱ्हाईक आणलंय तुझ्या. शंतनुसाहेब.”

“मासळी खातो काय तो?”

“घेतात की.”

“घेतात ते अख्ख्या मंडईला म्हायतीय. खातो काय, ते इचारलं.”

शंतनु हसला. दहा सकाळींच्या सरावाने त्याला कधी हसायचं ते कळलं होतं. “मावशी, सहा बोंबील द्या ना.”

“देते की. गिऱ्हाईकाला नाय कोण बोलतो?”

तिने सहा बोंबील मोजून पिशवीत घातले, भाव सांगितला, तो एका रुपयानेही उतरवला नाही. शंतनुने नोट दिली. तिने ती कपाळाला लावली नाही, ओट्याला लावली नाही, सरळ पिशवीत टाकली. रघूभाऊंचं लक्ष फाइल उघडण्यात होतं. तीस वर्षं माणसांचे चेहरे वाचण्याचा दावा करणाऱ्या या माणसाला आपल्या बहिणीचा हात दिसला नाही.

“मावशी, इथे फक्त एक सही.”

“नाय.”

“ताई,” रघूभाऊ म्हणाले, “भवानीला नाय बोलतेस? आई असती तर...”

“भवानी झाली माझी.”

“कधी?”

“पाच चाळीसला. कुशाबा येऊन गेला. टेम्पोच्या फळीवरच बांगडे दिले त्याला, शिवडीच्या नाक्यावर. इचार जाऊन.”

कुशाबा लालबागमध्ये खानावळ चालवतो. रोज आठला येतो. त्या दिवशी गुणवंतीने त्याला आदल्या संध्याकाळी फोन करून दोन तास वीस मिनिटं आधी बोलावून घेतलं होतं. त्यामुळे शंतनु दुसरं गिऱ्हाईक होता, आणि दुसऱ्याला ‘नाही’ म्हणायला मंडईत कुणाची हरकत नसते. शेजारच्या ओट्यांवरून हसण्याचा आवाज आला. ज्या हसत होत्या त्यांतल्या बहुतेकींनी सह्या दिलेल्या होत्या.

रघूभाऊंनी आवाज खाली आणला. मांडवलीत आवाज खाली आणला की समोरच्याला वाटतं आता खरं बोलणं सुरू झालं. “ताई, ऐक. तुला मागच्या बाजूला पहिला ओटा. नळाला लागून. लिहून देतात.”

“आणि रस्त्याला?”

“रस्त्याला दुकानं आहेत गं. पण तळमजला मिळाला ना? ते तर पहिला मजला देत होते, सरकत्या जिन्यासकट. मी खाली आणलं त्यांना.”

“वर गेलेला कोण?” गुणवंती म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी पापलेटं लावू लागली.

तिने विचारलेला प्रश्न बरोबर होता. कोळणींची मागणी होती, नव्या इमारतीत मंडई रस्त्याला लागून हवी. मासळी दिसली की माणूस थांबतो. जिना चढून मासे आणायला कुणी जात नाही. कंपनीने पहिला मजला पुढे केला. पाच महिने बैठका झाल्या, चहा झाला, मोर्च्याची तारीख ठरून पुढे गेली आणि मग रघूभाऊंनी तोडगा काढला. तळमजला, पण मागच्या अंगाला. गाड्यांच्या उताराच्या आणि कचराखोलीच्या मध्ये, रस्त्यापासून अठरा मीटर आत, सुरक्षारक्षकाच्या फाटकातून वळून. दोन्ही बाजू अर्ध्या-अर्ध्या सरकल्या, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. कंपनीच्या पहिल्या आराखड्यातही मंडई मागेच होती. पहिला मजला हा सोडून देण्यासाठीच पुढे केला होता. हे रघूभाऊंना पहिल्या बैठकीपासून माहीत होतं, कारण तो सल्ला त्यांचाच होता.

त्यांचं एक वाक्य परळमध्ये बऱ्याच जणांना पाठ आहे. “दोघंही थोडे नाराज झाले की समजायचं, मांडवली बरोबर झाली.” त्या दोघांत ते स्वतः कधीच नसतात.

या धंद्याची सुरुवात त्यांच्या राहत्या चाळीत झाली. तिथे तळमजला आणि तिसरा मजला यांच्यात पाण्यावरून हाणामारी होती. पाणी सकाळी एक तास येई आणि खालच्यांनी नळ सोडले की वर थेंब चढत नसे. तेव्हा पंचविशीतल्या रघूभाऊंनी निवाडा दिला. पहिला अर्धा तास खालच्यांचा, दुसरा वरच्यांचा. टाळ्या झाल्या. तिसऱ्या मजल्यापर्यंत पाणी चढायला जुन्या नळाला वीस मिनिटं लागत. वरच्यांना दहा मिनिटं पाणी मिळालं. त्यांनी तक्रार केली तेव्हा रघूभाऊ म्हणाले, आधी काय मिळत होतं? हा प्रश्न त्यांना फार आवडला. पुढची तेहतीस वर्षं त्यांनी तो सगळ्यांना विचारला. फेरीवाल्यांना, भाडेकरूंना, कामावरून कमी केलेल्या सफाई कामगारांना. विचारताना त्यांचा चेहरा हितचिंतकाचा असतो.

राजकारणात त्यांनी हाच माल वेगळ्या वेष्टनात विकला. पालिकेच्या चार निवडणुकांत त्यांनी अपक्ष म्हणून अर्ज भरला. एकही निवडणूक लढवली नाही. प्रत्येक वेळी माघारीच्या शेवटच्या दिवशी, तीनच्या मुदतीला दहा-पंधरा मिनिटं असताना, अर्ज मागे घेतला. आधी घेतला तर बोलायला कोण येणार, हे ते कार्यकर्त्यांना समजावून सांगत. पहिल्या माघारीत त्यांना शांतता समितीचं सदस्यत्व मिळालं, दुसऱ्या वेळी बसथांब्यामागे त्यांच्या नावाचं सिमेंटचं बाकडं आलं. तिसऱ्या वेळेचं ते सांगत नाहीत. चौथ्या वेळी स्वीकृत नगरसेवकपदाचा शब्द मिळाला होता. शब्द देणारा पुढच्या महिन्यात पक्ष बदलून गेला. रघूभाऊंनीही बदलला, पण चुकून भलत्याच पक्षात गेले.

रोख पैसे ते घेत नाहीत. हे खरं आहे आणि ते अभिमानाने सांगतात. त्याहून खरं असं की त्यांची सही कुठेच नसते. पक्षकार म्हणून नाही, साक्षीदार म्हणूनही नाही. एवढ्या तडजोडी, एवढे करारनामे, आणि एकाही कागदावर आर. जे. तांडेल नाही. तडजोड फसली की लोक कागद उघडतात. कागदावर ज्यांची नावं असतात ते एकमेकांच्या अंगावर जातात. रघूभाऊ पुन्हा मध्ये जायला मोकळे. हीच त्यांची खरी मिळकत होती आणि ती त्यांनी बँकेतल्या ठेवीसारखी जपली होती.

म्हणूनच त्यांना बहिणीची सही हवी होती. कारण ओटा क्रमांक एकसाठी आणखी एका माणसाची सही चालत होती, आणि तो माणूस ते स्वतः होते.

त्यांची आई जनाबाई वारली तेव्हा परवाना दुसऱ्याच्या नावावर करायचा होता. गुणवंती पहाटे तीनला धक्क्यावर जाई आणि दुपारी दोनपर्यंत मंडईत असे. कचेरीत जायला मोकळे होते ते रघूभाऊ. ते गेले आणि परवाना स्वतःच्या नावावर करून आणला. वारसा ओट्यावर बसणाऱ्या मुलीचा, हा मंडईचा रिवाज. पण रिवाज बाईने ओट्यावर सांभाळायचा आणि कागद पुरुषाने कचेरीतून आणायचा, ही विभागणी कुणाला खटकली नाही. गुणवंतीलाही नाही. तिने तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ओट्यामागे टांगला. “नाव कुणाचं का असंना, बसणारी मी,” असं ती म्हणे. सव्वीस वर्षं ती बसली. कंपनीच्या अर्जात छापलं होतं, परवानाधारक किंवा प्रत्यक्ष व्यवसाय करणारी व्यक्ती, दोघांपैकी एकाची सही.

त्याच गुरुवारी साडेअकराला, गाडीच्या मागच्या सीटवर, रघूभाऊंनी आयुष्यातली सर्वांत अवघड मांडवली केली. यात समोर शंतनु होता आणि मध्ये कुणीच नव्हतं.

“साक्षीदार म्हणून करतो,” रघूभाऊ म्हणाले.

“भाऊ, साक्षीदाराने आकडा पुरा होत नाही.”

“सोमवारपर्यंत थांबा. ताईला आणतो, नाही तर भवानीला दुसरी कुणी गाठतो.”

“वरून फोन आहे. आज पाचला फाइल गेली पाहिजे. नाही तर तुमच्या गाळ्याचं मला काही सांगता येणार नाही.”

दगडू आरशात पाहत होता. बोंबलांची पिशवी पुढच्या सीटवर होती आणि गाडीत वास भरला होता. रघूभाऊंनी खिडकी खाली केली, वर केली. मग पेन मागितलं. सही करून झाल्यावर त्यांनी कागद लांब धरून पाहिला. नावाखाली नुसतं ‘परवानाधारक’ छापलेलं होतं. ते त्यांना बरं दिसेना.

“याच्याखाली ‘प्रतिनिधी’ टाकायला लावा,” ते म्हणाले. “नुसतं कोळीण बसल्यासारखं वाटतं.”

शंतनुने टाकलं.

प्रस्ताव शुक्रवारी मंडईच्या फलकावर लागला. तो सात दिवस राहणार होता. कुणाला संमती मागे घ्यायची असेल तर येत्या गुरुवारी दुपारी तीनपर्यंत विभाग कार्यालयात लेखी अर्ज. शुक्रवारी तो कुणी वाचला नाही, गर्दीच तेवढी होती. शनिवारी चैत्रालीने वाचला. चैत्राली ओटा क्रमांक एकोणीसवर बसते, वय सत्तावीस, बी.कॉम. तिनेही चौथ्या सकाळी भवानीपायी सही दिली होती आणि तेव्हापासून ती स्वतःवरच चिडून होती. फलकावर शेवटी घडी घातलेला नकाशा टाचलेला होता. तेहतीस बायकांच्या सह्या झाल्या, पण नकाशाची घडी कुणी उलगडली नव्हती, कारण रघूभाऊ प्रत्येकीला म्हणाले होते, नकाशाचं मी बघतो.

चैत्रालीने घडी उलगडली.

“गुणवंतीमावशे, इकडे ये.”

“गिऱ्हाईक हाय.”

“गिऱ्हाईक राहू दे. हे बघ. रस्त्याला गाळे. एक, दोन, तीन, चार. तिसऱ्यात काय लिहिलंय?”

“मना काय इचारतेस, चष्मा कुठाय माझा.”

“‘प्रकल्पबाधितांच्या प्रतिनिधीसाठी राखीव.’ आता पुढचं पान. शेवटची सही. वाचते. ‘रघुनाथ जनार्दन तांडेल. परवानाधारक, ओटा क्रमांक एक.’ आणि खाली, शाईचा रंग वेगळा आहे हां, ‘प्रतिनिधी’.”

गुणवंतीने मागे वळून टांगलेल्या प्लास्टिकच्या पिशवीकडे पाहिलं, ती खिळ्यावरून काढली आणि ओट्यावर ठेवली. सव्वीस वर्षांत पिशवी पिवळी पडली होती.

“म्हणजे आमी मागे कचऱ्याशी,” पलीकडच्या ओट्यावरून कुणीतरी म्हणालं, “आणि हा पुढे. काय इकणार म्हणे? समाजकार्य?”

मंडई हसली. साडेनऊला रघूभाऊ स्वतः आले. कुणीतरी फोन केला असणार. त्यांनी सँडल दाराशी काढून ठेवले होते. मंडईत अनवाणी येण्याची त्यांची ही कित्येक वर्षांतली पहिली वेळ.

“गाळा आपल्या सगळ्यांचाच आहे,” ते म्हणाले. “ऑफिस म्हणून. तुमच्या तक्रारी ऐकायला कुणीतरी पुढे बसायला नको?”

“रघूमामा, आम्हीच पुढे बसतो ना,” चैत्राली म्हणाली. “तुम्ही मागे बसून तक्रारी ऐका. शांत असतं तिथे.”

“चेष्टा सोड. आधी काय मिळत होतं तुम्हाला? पहिला मजला!”

“आधी?” गुणवंती म्हणाली. “आधी मी इथं बसलेली हाय, रघू. या दारात. आई बसलेली. ते आधी.”

रघूभाऊंच्या त्या आवडत्या प्रश्नाला तेहतीस वर्षांत मिळालेलं हे पहिलं उत्तर. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि एक मीटिंग असल्याचं सांगितलं. मीटिंग कुठेच नव्हती. पुढचा पाऊण तास ते आपल्या नावाच्या बाकड्यावर बसून होते, हे मंडईतल्या तिघींनी पाहिलं.

त्या दुपारी संमती मागे घेण्याचे एकोणीस अर्ज लिहून झाले. चैत्रालीने लिहिले, बायकांनी सह्या केल्या, आणि या वेळी प्रत्येकीने आधी वाचून दाखवायला लावलं. खरं तर एक अर्ज पुरला असता. चौतीस हव्या होत्या आणि चौतीसच जमवल्या होत्या. एक गळली की प्रस्ताव पडत होता. रघूभाऊंनी पाच-सहा सह्या जास्त घेऊन ठेवल्या असत्या तर बहिणीला निदान धावपळ तरी करावी लागली असती.

अर्ज सोमवारीच देऊन टाकू, असं चैत्रालीचं मत होतं.

“कशाला?” गुणवंती म्हणाली. “आधीच दिले तर आपल्याशी बोलायला कोण येणार? रघूने चार टायमाला काय केलं, बघितलं नाय तू?”

अर्ज तिने थर्माकोलच्या एका कोऱ्या, कोरड्या खोक्यात घातले आणि खोका पायाशी ठेवला. चैत्रालीने त्याचा फोटो काढून शंतनुला पाठवला. खाली काही लिहिलं नाही.

शंतनु बुधवारी आला. बुधवारी मंडईत पाय ठेवायला जागा नसते. त्याला सात गिऱ्हाइकांच्या मागे उभं राहावं लागलं. रघूभाऊंना त्याने बोलावलं नव्हतं. तेही आले, याही वेळी सँडल दाराशी काढून. मांडवली करणाऱ्याचा कारभार कसा संपतो ते पाहायचं असेल तर हे पुरेसं आहे: दोन्ही पक्ष एकमेकांशी सरळ बोलतात आणि तो बाजूला उभा राहून मान डोलावतो.

“मावशी, थेट तुमच्याशीच बोलतो,” शंतनु म्हणाला. “चोवीस ओटे रस्त्याला देतो. चोवीस मागे. गाळे एक आणि दोन आम्ही सोडतो. तीनसुद्धा.”

तीनसुद्धा, हे तो रघूभाऊंकडे न पाहता म्हणाला.

“ताई, अर्धे मिळतायत,” रघूभाऊ लगेच म्हणाले. सवय. “अर्धे पुढे, अर्धे मागे. घे. याच्यापेक्षा बरोबर काय असतं?”

“मागे कोण बसणार? तू सांग नावं. चोवीस नावं सांग.”

रघूभाऊ मोबाइल चाळू लागले.

जनाबाई या मंडईत सौद्यासाठी प्रसिद्ध होती. गिऱ्हाईक ठरावीक भावाच्या खाली गेलं की ती बोलणं बंद करायची, हातातला मासा बर्फाखाली सरकवायची आणि वर ओलं गोणपाट टाकायची. भांडायची नाही, बोलवायची नाही. बहुतेक गिऱ्हाइकं तिसऱ्या ओट्यापर्यंत जाऊन परत येत. जी येत नसत ती जात. दोन्ही मुलं तिच्या मागे बसून वाढली. रघूभाऊ भाव सांगायला शिकले, हळू बोलायला शिकले, समोरच्याची घाई ओळखायला शिकले. गोणपाट टाकायला शिकले नाहीत. मासा परत ठेवता येतो, हे त्यांना कधी खरं वाटलंच नाही. त्यामुळे आयुष्यभर त्यांनी जो भाव आला त्याला विकलं, आणि विकायला माल बहुतेक दुसऱ्याचा होता.

गुणवंतीच्या हातात पापलेट होतं. तिने ते बर्फाखाली सरकवलं. मग खाली वाकून गोणपाट उचललं, बादलीत बुडवलं, पिळलं आणि ओट्यावर पसरलं. एक गिऱ्हाईक म्हणालं, “मावशी, बंद करताय?” ती म्हणाली, “नाय, नाय, तुम्ही थांबा.”

“ताई, ते उठून जातील,” रघूभाऊ म्हणाले.

“जाऊ दे.”

शंतनु वळला. तिसऱ्या ओट्यापाशी जाऊन त्याने फोन कानाला लावला. दहा मिनिटं तो तिथेच उभा होता. एकदा त्याने अठ्ठेचाळीस हा आकडा दोन वेळा उच्चारला, एकदा ‘सर, ऐकून तर घ्या’ म्हणाला. परत मात्र आला नाही. जाताना त्याने गुणवंतीला हाताने खूण केली, उद्या, अशी. रघूभाऊ त्याच्या मागोमाग गाडीपर्यंत गेले. दगडूने दार उघडलं नाही, गाडी निघाली. ते फुटपाथवर थोडा वेळ थांबले, मग दाराशी आले आणि आपले सँडल शोधू लागले. कुणीतरी ते पाण्यातून उचलून ओट्याखाली कोरड्या जागी ठेवले होते. ओटा क्रमांक एक.

“संध्याकाळी घरी येऊ का? बोलू,” ते म्हणाले.

“ये. जेवायला ये. बोलायला नको.”

उद्या गुरुवार. कुशाबाला पाच चाळीसची वेळ दिलेली आहे. विभाग कार्यालयाची आवक खिडकी दहाला उघडते, दीड ते दोन जेवणासाठी बंद असते, आणि दुपारी तीननंतर आलेला कागद घेत नाही.